सतरा दिवसांचा कारभारी

रामनगरच्या माणसाला सरकारी कागदाची ताकद कुणी शिकवायला नको. सुपा धरणात जुनी गावे गेली आणि विस्थापितांसाठी इथे वसाहत उभी राहिली, ती हुकमानेच. मी स्वतः कारकून. हुकूम निघाला की तो अमलात येतो, असे धरूनच माझी नोकरीची वर्षे गेली. पण इथून अनमोड घाट उतरला की जो गोवा लागतो, त्याच्या इतिहासात एक हुकूम जेमतेम सतरा दिवस टिकला.

बेर्नार्दो पेरेस द सिल्वा यांचा जन्म १७७५ साली तिसवाडीतल्या नेवरा गावी झाला. १८२० च्या क्रांतीनंतर गोव्यालाही लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मिळाला. निवडून आलेल्या तिघांत पेरेस होते. पुढे दों मिगेलने गादी बळकावून राज्यघटना गुंडाळली, तेव्हा त्यांना परागंदा व्हावे लागले. १८३४ मध्ये उदारमतवादी जिंकले आणि त्यांनी पेरेस यांना गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे मुलकी कारभाराचे प्रमुख नेमले. पोर्तुगीज सत्तेच्या साडेचारशे वर्षांत एवढ्या उंच खुर्चीवर बसलेला हा एकच गोवेकर.

१४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रे घेतली आणि लगेच सुधारणांना हात घातला. पिढ्यान्‌पिढ्या लष्करातल्या जागा धरून बसलेल्या पोर्तुगीज वंशजांना एतद्देशीयाचा अंमल सोसवेना. १ फेब्रुवारीला लष्कराने बंड करून त्यांना पदावरून हटवले. पेरेस मुंबईला गेले. मे महिन्यात त्यांच्या बाजूच्या सैनिकांची गास्पार दियश किल्ल्यात कत्तल झाली. पेरेस यांचा अंमल उरला तो दमण-दीवपुरता. १८४४ साली ते लिस्बनमध्ये वारले.

हुकूम खरा होता, सही-शिक्का खरा होता. बंदुका मात्र दुसऱ्यांच्या हातात होत्या. आणि ज्या रयतेसाठी हे चालले होते, तिला कुणी काही विचारलेलेच नव्हते.

तो किल्ला होता आजच्या मिरामारला. तिथेच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. लोकांच्या मतांवर निवडून आलेल्या पक्षाचे मुख्यमंत्री म्हणून भाऊसाहेबांनी २० डिसेंबर १९६३ रोजी शपथ घेतली. मधे १२८ वर्षे गेली. गोवेकराच्या हुकमामागे गोव्याचे लोक उभे राहायला एवढा काळ लागला. समाधीपुढे हात जोडताना त्या सतरा दिवसांच्या कारभाऱ्याचीही आपण आठवण ठेवावी, एवढेच.