कामगार अपघात-भरपाई आणि हिवरे बाजार

हिवरे बाजार (ता. नगर, जि. अहिल्यानगर) हे पाणलोट विकासासाठी नावाजलेले गाव. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, येथे समतल चर, नाला बांध, पाझर तलाव झाले. काही रोजगार हमी योजनेतून, काही आदर्श गाव योजनेतून, काही श्रमदानातून. अशा कामावर हात किंवा पाय मोडला तर भरपाई कोण देणार, हे मजूर कोणाच्या कामावर होता यावर ठरते.

कामगार भरपाईचा मूळ कायदा 1923 चा, 1 जुलै 1924 पासून लागू झालेला. मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते, हा त्याचा मोठा गुण. 2009 च्या दुरुस्तीने प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्च देणे बंधनकारक झाले; किमान भरपाई मृत्यूसाठी 1,20,000 व कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 1,40,000 रुपये ठरली. हिशेबात धरण्याच्या मासिक वेतनाची मर्यादा 4,000 वरून 2010 मध्ये 8,000 आणि 2020 मध्ये 15,000 झाली. याचा अर्थ एका अंगठ्यावरून कळतो. गोठ्यातल्या विजेच्या कडबाकुट्टीत तीस वर्षांच्या गड्याचा अंगठा गेला, तर कायदा कमाईक्षमतेचे 30 टक्के नुकसान मानतो. वयाचा गुणक 207.98. वेतन 4,000 धरल्यास भरपाई सुमारे दीड लाख, 15,000 धरल्यास साडेपाच लाखांवर.

पण एवढी मजुरी दाखवायची कशी? सालगड्याचा व्यवहार बहुधा तोंडी असतो; हजेरीपत्रक नाही, पगारपावती नाही. शिवाय या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत यंत्राने चालणारी शेती आहे, निव्वळ खुरप्या-विळ्याची नाही. खुरपणीला गेलेल्या बाईला साप चावला तर या कायद्याचा आधार मिळणे अवघड, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्याची अपघात योजना सर्पदंशालाही मदत देते, मृत्यूनंतर 2 लाख. मात्र ती सातबाऱ्यावरील शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एकासाठी. भूमिहीन मजूर येथेही बाहेरच.

रोजगार हमीच्या कामावर स्थिती थोडी बरी. 2005 च्या केंद्रीय कायद्याने जखमी मजुराला मोफत उपचार, रुग्णालयात असेपर्यंत निम्म्या मजुरीइतका भत्ता, आणि मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी सानुग्रह रक्कम दिली. त्या कामावर निदान हजेरीपट असतो. श्रमदानात मालकच नसल्याने, ज्या घामावर गाव उभे राहिले त्याला भरपाईचा कायदा लागू होत नाही.

1923 च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, कामाशी संबंध दिसल्यास, तिने भरपाईत घेतला. नागापूर किंवा सुपे येथील कारखान्यांत पाळीला दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणांसाठी ही मोलाची तरतूद आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांना ती 2010 पासून होती.