तोफगोळ्यांच्या सुऱ्या

आपल्याकडे खेड्यातल्या लोहाराला कोयता करायला सांगितला, तर तो नवे पोलाद विकत आणायला जात नाही. ट्रकच्या तुटलेल्या कमानीचा पाटा शोधतो. चांगले लोखंड एकदा कुठेतरी झिजून आले की त्याला दुसरा जन्म देणे, ही लोहाराची जुनीच विद्या. पण चीनच्या किनाऱ्याजवळच्या किनमेन बेटावरच्या लोहारांना हे लोखंड आकाशातून मिळाले.

किनमेन, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या नकाशातले क्वेमॉय. ते तैवानच्या ताब्यात, पण चीनच्या शियामेन शहरापासून काही किलोमीटरवर. २३ ऑगस्ट १९५८ रोजी चीनने त्यावर तोफा डागायला सुरुवात केली. ४४ दिवसांत सुमारे ४ लाख ७० हजार गोळे पडले. या बेटांचे क्षेत्रफळ जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला तीन हजारांहून अधिक गोळे. शेकडो सैनिक मेले, कित्येक गावकरीही. माणसे भुयारांत राहू लागली.

पुढे या लढाईला एक विचित्र शिस्त आली. चीन विषम तारखांना गोळे टाकी, सम तारखांना विश्रांती. या गोळ्यांत बहुधा स्फोटकांऐवजी प्रचारपत्रके असत. गोळा हवेत उघडे, कागद वाऱ्यावर जात आणि रिकामे पोलादी कवच खाली येई. तेही छपरावर किंवा माणसावर पडले तर जीव घेई. हे तब्बल २० वर्षे चालले. अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ रोजी सुरू झाले, त्याच दिवशी हा मारा थांबला.

स्फोटक गोळ्याच्या चिंधड्या होतात, पण पत्रकांच्या गोळ्याचे कवच बरेचसे शाबूत राहते. ते लोहाराच्या दृष्टीने सोने! शेतकरी नांगरताना सापडलेली कवचे भंगारात आणून विकत. वू नावाच्या लोहार घराण्याने ती घेऊन सुऱ्या बनवायला घेतल्या. कवच कापायचे, भट्टीत लालबुंद तापवायचे, घणाखाली ठोकून पाते ओढायचे, मग पाणी द्यायचे, धार लावायची आणि मूठ बसवायची. एका कवचातून ४० ते ६० सुऱ्या होतात, असे सांगतात. पूर्वी ज्या घरावर गोळा पडला, त्याच घरातली बाई आता त्याच्या पोलादाने भाजी चिरू लागली.

बेटावर हजारो सैनिक तैनात असत. नोकरी संपवून घरी परतताना ते आठवण म्हणून ही सुरी नेत. १९९२ मध्ये किनमेनमधील लष्करी राजवट उठली. २००१ पासून शियामेनशी बोटींची थेट वाहतूक सुरू झाली आणि पलीकडचे चिनी पर्यटक येऊ लागले. आता दुकानात तेच सुरी विकत घेतात! एकेकाळी इकडून तिकडे जाणारा गोळा, आता स्वयंपाकघरातली सुरी होऊन परत जातो.

युद्धाची स्मारके आपण बांधतो, तिथे वर्षातून एकदा फुले वाहतो. किनमेनच्या लोहाराने मात्र स्मारक रोजच्या वापरात आणले. या सुऱ्यांकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. एका कवचातून ६० सुऱ्या होतात हे खरे. पण त्या गोळ्याने मेलेला एकही माणूस त्यातून घडवता येत नाही. आठवण घडवता येते, एवढेच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)