सहकारी-मूल्यमापन
एकाच कार्यक्षेत्रातील व्यक्तींनी परस्परांच्या कामाविषयी दिलेला अभिप्राय. भारतीय प्रशासनात वरिष्ठाने लिहिलेला वार्षिक गोपनीय अहवाल हा बढतीचा प्रमुख आधार असे. त्यातील सामान्यतः प्रतिकूल शेराच संबंधितास कळविला जाई. देव दत्त खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कळविणे आवश्यक ठरविले. पुढे केंद्र शासनात उच्च पदांच्या निवडीसाठी वरिष्ठांबरोबरच समकक्ष व कनिष्ठ यांचेही अभिप्राय गुप्तपणे घेण्यात येऊ लागले. संसदीय स्थायी समितीने २०१७ मध्ये ही पद्धत अपारदर्शक व व्यक्तिनिष्ठ असल्याची टीका केली. समकक्षास सहकाऱ्याचे काम जवळून दिसते. तथापि तो त्याच पदाचा स्पर्धकही असू शकतो. गुप्ततेमुळे त्यास निर्भयपणे लिहिता येते. परंतु ज्याच्याविषयी लिहिले, त्यास उत्तर देण्याची संधी उरत नाही.