खटक्यांनी भरलेलं गाणं

5 मार्च 1975, बुधवारची रात्र. बाहेर पाऊस आहे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये तुम्ही गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये शिरताय. आत तीसबत्तीस माणसं दाटीवाटीनं जमलीत. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ही पहिलीच बैठक, पण त्याला हे नाव अजून पडायचंय. ती बोलावणाऱ्यांत फ्रेंच यांच्याबरोबर फ्रेड मूर आहेत. तुमच्या खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या. तो बाहेर निघाला, तर जे बघायला आलात ते बघायचं राहून जाईल.

बघायचं आहे ते यंत्र. अल्टेअर 8800. निळसर-करड्या रंगाची पत्र्याची पेटी, समोर खटक्यांच्या रांगा, त्यांच्या वर बारीक लाल दिवे. कीबोर्ड नाही, पडदा नाही, आवाज नाही. एवढ्यावर या खोलीतल्या माणसांचे डोळे चमकतायत. कारण आजवर कॉम्प्युटर म्हणजे काचेपलीकडच्या वातानुकूलित खोलीत असायचा, त्याला हात लावायला परवानगी लागायची. हा मात्र घरी नेता येतो, उघडता येतो आणि बिघडवताही येतो.

या गर्दीत 24 वर्षांचा एक बुजरा तरुण आहे, स्टीव्ह वॉझ्नियॅक. ह्युलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरच्या विभागात नोकरीला आहे. इथून तो एका मायक्रोप्रोसेसरचं माहितीपत्रक घरी घेऊन जाईल आणि पुढच्या वर्षी त्याचं ॲपल-1 लोकांसमोर येईल. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्याच्याकडे बघत बसू नका.

दोन महिने मागे चला. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’चा जानेवारी 1975चा अंक तुमच्या हातात आहे, मुखपृष्ठावर हेच यंत्र. खरं तर फोटोतली पेटी आतून रिकामी आहे. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीहून पाठवलेला पहिला नमुना वाटेत हरवला, म्हणून छपाईसाठी नुसता सांगाडा उभा केला. बनवणारी कंपनी मिट्स, मालक एड रॉबर्ट्स. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात मार खाऊन कर्जात बुडालेला माणूस. इंटेलची 8080 चिप एकटीदुकटी घ्यायची तर 360 डॉलर पडतात. रॉबर्ट्सनी घाऊक सौदा करून ती 75ला मिळवली, आणि सुट्या भागांचा अख्खा संच 397 डॉलरला जाहीर केला. मागण्यांचा असा पाऊस पडला की माल पुरवता पुरवता कंपनीच्या नाकी नऊ आले. लोकांनी चेक पाठवले आणि महिनोन्महिने वाट पाहिली.

तुमचं खोकं आलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरा. पिशव्यांमध्ये रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, चिप आणि तारांची भेंडोळी. सोल्डरिंग आयर्न तापलं की रेझिनचा तो तिखटगोड धूर नाकात जातो. ज्यांनी कधी रेडिओ जोडलाय त्यांना तो वास झोपेतही ओळखू येईल. जोड चकचकीत आला तर ठीक; मळकट आणि दाणेदार दिसला तर ते ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. कार्डं जिथे बसतात त्या पट्टीवर प्रत्येक कार्डाला शंभर जोड लागतात. अशा चारचार कार्डांच्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या म्हणजे पुन्हा शंभर तारा, एकेक करून. एक तार शेजारच्या भोकात गेली, तर उद्याची अख्खी रात्र मीटर घेऊन ती शोधण्यात जाणार. 8080 सगळ्यात शेवटी बसवा. चाळीस पाय आहेत, एकही दुमडू देऊ नका.

आता चालू करा. दिवे लागले. यंत्राला काहीही येत नाही. मेमरी 256 बाइट, तीही कोरी. दोन आकड्यांची बेरीज करायची, तर बेरीज म्हणजे काय हे तुम्हीच त्याला खटक्यांनी सांगायचं. पहिला हुकूम: ‘अमुक पत्त्यावरचा आकडा उचल.’ 8080च्या भाषेत तो अष्टमान पद्धतीनं 072. डावीकडून आठ खटके लावा: दोन खाली, तीन वर, एक खाली, एक वर, एक खाली. मग ‘डिपॉझिट’चा खटका दाबा. समोरच्या आठ दिव्यांत तोच नमुना उमटतो. पुढच्या खणात पत्ता, त्यापुढे पत्त्याचा उरलेला भाग. उचल, बाजूला ठेव, दुसरा उचल, मिळव, ठेव, पुन्हा सुरुवातीला जा. एवढ्याला 14 बाइट लागतात. आकडे आपापल्या खणात भरा, ‘रन’ करा, थांबवा, उत्तराच्या खणाचा पत्ता लावून ‘एक्झॅमिन’ दाबा. दोन आणि तीन दिले होतेत ना? उजवीकडून पहिला आणि तिसरा दिवा लागलाय. पाच.

या पाचाचं मोल मला फार वाटतं. खटक्यापासून दिव्यापर्यंत जे घडलं त्यातलं काहीही तुमच्यापासून लपलेलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक यंत्रानं आपल्याला जास्त दिलं आणि आतलं कमी दाखवलं. जुनी यंत्रं जमवणाऱ्या माणसाला गतकाळाची ओढ असते असं म्हणतात. मला वाटतं, ओढ असते ती या उघडेपणाची.

एप्रिल 1975. बैठक आता मेन्लो पार्कमधल्याच पेनिन्सुला स्कूलमध्ये आहे. स्टीव्ह डॉम्पिअर आपलं अल्टेअर घेऊन आलाय. यानं मालाची चौकशी करायला थेट आल्बुकर्की गाठलं होतं. तो जमिनीवर बसून खटके लावतोय, एकेक बाइट, किती तरी वेळ. लांबून ओढून आणलेल्या तारेवर वीज आहे. सगळं भरून होत आलं आणि त्या तारेत कुणाचा तरी पाय अडकला. वीज गेली आणि मेमरी कोरी झाली. डॉम्पिअर पुन्हा पहिल्या बाइटापासून सुरुवात करतो. जवळ बसा आणि त्याची बोटं बघा.

पेटीवर एक छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवलाय. तो कशालाच जोडलेला नाही. डॉम्पिअर ‘रन’चा खटका उचलतो आणि रेडिओतून बीटल्सचं ‘द फूल ऑन द हिल’ वाजू लागतं.

आवाजाची काहीच सोय नसलेलं यंत्र गातंय. घरी आकडे क्रमानं लावायचा प्रोग्रॅम चालू असताना शेजारच्या रेडिओत खरखर येते, हे डॉम्पिअरला योगायोगानं कळलं होतं. प्रोसेसर सेकंदाला वीस लाख ठोक्यांच्या तालावर चालतो. त्या लांबलचक तारांमधून वीज सारखी उलटसुलट होते आणि तिच्या लहरी बाहेर फेकल्या जातात. प्रोग्रॅममधलं एखादं आवर्तन ठरावीक वेळानं फिरत राहिलं, तर त्या खरखरीला सूर येतो. आवर्तन लहान केलं की सूर चढतो, मोठं केलं की उतरतो. कुठल्या आकड्याला कुठला सूर, हे त्यानं कानानं ऐकून शोधलं आणि गाण्याचे आकडे कागदावर मांडले. एक सर्किट वाढवलं नाही, एक पैसा खर्च केला नाही. बिघाड म्हणून ज्याला लोकांनी पत्र्यानं झाकलं असतं, त्यातून त्यानं वाद्य काढलं.

गाणं संपतं. मग न सांगता दुसरं सुरू होतं, ‘डेझी’. बेल लॅब्जमध्ये 1961 साली मोठ्या आयबीएम यंत्रानं हेच गाणं गायलं होतं, आणि ते इथल्या मंडळींना माहीत आहे. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत. तुम्हीही वाजवा.

आता परत या. समजा तेच अल्टेअर पुण्यात तुमच्या टेबलावर आलंय. भिंतीतून 230 व्होल्ट येतात, याला लागतात 110. मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो लावूनही लगेच खटका दाबू नका. पॉवर सप्लायमधले डब्यासारखे मोठे कपॅसिटर वर्षानुवर्षं निजलेले असतात. अंगावर एकदम पूर्ण व्होल्टेज आलं तर फुटतात. सगळी कार्डं बाहेर काढा, मालिकेत एक बल्ब जोडा आणि वीज हळूहळू चढवा. पट्टीवर साधारण 8 व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ते तसेच असतात. त्याचे नेमके 5 करायला प्रत्येक कार्डावर स्वतःचा रेग्युलेटर आहे. कार्डांच्या कडा आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं पुसा, अडकणाऱ्या खटक्यांत कॉन्टॅक्ट क्लीनर सोडा. नवा कपॅसिटर बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळेल. पण जुना टाकू नका, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. पुढच्या माणसाला मूळ काय होतं ते कळायला हवं.

काही संग्राहक यंत्र काचेच्या कपाटात ठेवतात आणि हात लावू देत नाहीत. मला ते पटत नाही. अल्टेअरला हात लावता यावा म्हणून तर ते बनलं. दुरुस्तीत एखादी चिप गेली तरी चालेल, पण कोणाच्या तरी बोटांनी तिथे 072 भरलं जावं.

तेव्हा एकेक कार्ड परत बसवा आणि त्या 14 बाइटांनीच सुरुवात करा. बेरीज चुकली तर चुकलेला दिवा नीट बघा. सुरुवातीच्या 256 बाइटांच्या कार्डावर मेमरीच्या दोनच चिप असतात, एकेक चिप चार-चार बिट सांभाळते. चूक वरच्या चार दिव्यांत असेल तर संशय एकीवर, खालच्या चारांत असेल तर दुसरीवर. चिप सॉकेटमध्ये असतील तर वीज बंद करून त्यांची अदलाबदल करा. चूकही बाजू बदलून गेली, तर चोर सापडला.