महादजींचा गुडघा आणि मांडीतली धमनी

१४ जानेवारी १७६१. पानिपतावरून माघारी फिरलेल्या महादजी शिंद्यांना एका अफगाण स्वाराने गाठले आणि त्यांच्या गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले, ही हकीकत सर जॉन माल्कमने नोंदवली आहे. महादजी वाचले, पण जन्मभर लंगडत चालले. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले. इतिहासाची पुस्तके येथून थेट दिल्लीच्या राजकारणाकडे वळतात. या धाग्यात आपण मात्र त्या गुडघ्यापाशीच थोडे थांबू. कारण तो घाव चार बोटे मागच्या बाजूला बसता, तर पुढचे दिल्लीचे राजकारण घडलेच नसते.

पायाला रक्त पोहोचते कसे? परभणीकरांना हे समजण्यास जायकवाडीचा डावा कालवा पुरेसा आहे: आधी मुख्य कालवा, मग वितरिका, मग शेताशेतांतल्या चाऱ्या. हृदयातून निघालेली महाधमनी पाठीच्या कण्यासमोरून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपासच्या पातळीवर दुभंगते. प्रत्येक फाट्याचे ओटीपोटात पुन्हा दोन भाग होतात. आतली शाखा मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय आणि नितंब यांना रक्त पुरवते. बाहेरची जांघेखालून मांडीत उतरते आणि ऊरुधमनी म्हणवली जाते. हीच धमनी पुढे गुडघ्याच्या मागच्या खळगीतून जाते आणि पोटरीत तिच्या शाखा होतात. गुडघ्यात समोरून वाटी आड येते. मागे तसले संरक्षण नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत, त्यांपैकी प्रत्येक पायात ११. मांडीच्या मध्यावर ‘ऊर्वी’: तेथे घाव बसल्यास रक्तक्षयाने पाय सुकतो. मांडीच्या मुळाशी, जांघेच्या खाली ‘लोहिताक्ष’: तेथे रक्त जाऊन पाय लुळा पडतो. ही दोन्ही सिरामर्मे, आणि दोन्हींची जागा ऊरुधमनीच्या मार्गावर पडते. गुडघ्यावर ‘जानु’, तेथील आघाताचा परिणाम ग्रंथात ‘खंजता’ असा दिला आहे, म्हणजे लंगडेपण. महादजींच्या वाट्याला नेमके तेच आले.

सुश्रुताचे आणखी एक निरीक्षण मला याहून मोलाचे वाटते. हात वा पाय पूर्ण तुटला तर शिरा आकसतात आणि रक्त त्या मानाने कमी जाते, असे तो सांगतो. आजची शल्यचिकित्साही हेच सांगते: पूर्ण तुटलेली धमनी आखडून आत ओढली जाते, अर्धवट चिरलेली मात्र उघडीच राहते आणि म्हणून अधिक घातक ठरते. रक्ताभिसरणाची कल्पनाही स्पष्ट नसलेल्या काळात हे केवळ जखमी माणसे पाहून उमगले असणार.

ही विद्या आपल्या भागाला परकी नव्हती. चारठाण्याची देवळे पाहून आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो यादवांचा मंत्री हेमाद्री ‘आयुर्वेदरसायन’ या अष्टांगहृदयावरील टीकेचा कर्ता होता. आणि अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात मर्मांवर एक पूर्ण अध्याय आहे. देवळांनी त्याची ही ओळख झाकून टाकली, एवढेच.

आता पुन्हा महादजींकडे. गुडघ्यामागची धमनी उघडी पडली असती, तर रक्त वेळीच न थांबवल्यास माणूस काही मिनिटांत संपतो. महादजी बैलाच्या पाठीवरचा लांबचा प्रवास सोसून जगले. तेव्हा घावाने हाड-सांधा मोडला, पण मुख्य धमनी शाबूत राहिली, असे अनुमान निघते.

डिसेंबर १७८४ मध्ये महादजी वकील-इ-मुतलक झाले. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १७८५ मध्ये, लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटरसमोर एक घोडागाडीवान आला. गुडघ्यामागची धमनी फुगून गोळा झालेला. अशा रोग्याचा पाय बहुधा कापला जाई. हंटरने गोळ्याला हात न लावता मांडीच्या मध्याजवळ ऊरुधमनीच बांधून टाकली. मुख्य कालवा बंद. तरी पाय जिवंत राहिला, कारण मांडीतल्या आणि गुडघ्याभोवतीच्या बारीक शाखांनी रुंदावून खाली रक्त पोहोचवले. गाडीवान काही आठवड्यांत चालत घरी गेला. १७८७ मध्ये तो तापाने वारला, तेव्हा हंटरने तो पाय मिळवून त्याचे विच्छेदन केले.

मग शल्यविशारद वर वर सरकत गेले. महादजी १७९४ मध्ये वानवडीला वारले. दोन वर्षांनी जॉन अॅबरनेथीने ओटीपोटातली बाहेरची शाखा बांधली. १८१२ मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉइक्स बेटावर विल्यम स्टीव्हन्सने आतली. १८१७ मध्ये अॅस्टली कूपरने थेट महाधमनीलाच दोरा घातला. तो रोगी सुमारे ४० तास जगला.