आर्डुइनो

मायक्रोकंट्रोलर हाताळत, छोटे प्रयोग उभे करत इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग एकत्र शिकता यावे म्हणून २००५ मध्ये इटलीत तयार झालेला बोर्ड आणि त्यासोबतचे मुक्त सॉफ्टवेअर. मायक्रोकंट्रोलर (सूक्ष्मनियंत्रक) म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला लहानसा संगणक : प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडण्यासाठी पिना. वॉशिंग मशीनपासून गाडीच्या इंजिनापर्यंत तो सगळीकडे असतो, पण शिकणाऱ्याच्या हाती तो सहजासहजी लागत नसे.

तुरिनजवळचे इव्रेआ हे ऑलिव्हेटी टाइपरायटरचे गाव. तिथल्या इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या बहुतेकांना इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नव्हती आणि त्या काळी वापरात असलेला बेसिक स्टॅम्प हा बोर्ड त्यांना महाग पडे. हर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने २००३ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हा बोर्ड आणि त्याची सोपी आज्ञावली तयार केली. त्याच्या मार्गदर्शकांपैकी मास्सिमो बान्झी यांनी दाविद क्वार्तिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांच्यासह तीच कल्पना आणखी स्वस्त चिपवर आणली. बारागान या चमूत नव्हता. आर्डुइनोचा इतिहास सांगताना त्याचे नाव पुष्कळदा गाळले जाते, ते योग्य नाही, कारण आजही वापरात असलेल्या मूळ आज्ञा वायरिंगमधूनच आल्या आहेत. बोर्डाचे नाव गावातल्या एका बारवरून पडले. त्या बारला १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्दुइन राजाचे नाव होते.

बोर्डाचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे, राखीव आहे ते फक्त नाव. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हुबेहूब, पण स्वस्त बोर्ड मिळतात आणि शिकण्यासाठी ते पुरेसे असतात. २०१० मध्ये आलेला ‘उनो’ सर्वांत परिचित. त्यात १६ मेगाहर्ट्झ गतीची एटीमेगा३२८पी चिप, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट, चालू हिशेबासाठी अवघी २ किलोबाइट मेमरी आणि १४ डिजिटल व ६ अ‍ॅनालॉग पिना असतात.

पहिला प्रयोग ठरलेला : एलईडी लुकलुकवणे. प्रोग्रॅमचे भाग दोन. ‘सेटअप’ सुरुवातीला एकदा चालतो, ‘लूप’ वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा. ब्रेडबोर्डवर (डाग न देता तारा खोचायच्या फळीवर) एलईडी लावताना ओहमचा नियम कामाला येतो. पिनेवर ५ व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट खर्च, उरलेल्या ३ व्होल्टसाठी २२० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह सुमारे १४ मिलिअँपियर भरतो. पाठ्यपुस्तकातला भागाकार इथे दिवा सुरक्षित ठेवतो.

खरे शिक्षण दुसऱ्या प्रयोगात, साध्या बटणात आहे. बटण एका पिनेला जोडले, प्रोग्रॅम निर्दोष लिहिला, तरी न दाबताच कधी ‘चालू’ तर कधी ‘बंद’ असे वाचन येते. तारेजवळ नुसता हात नेला तरी ते बदलते. बटण दाबलेले नसताना पिन कशालाच जोडलेली नसते, म्हणून ती भोवतालचा विद्युत गोंगाट पकडते. चिपमधलाच पुल-अप रेझिस्टर, म्हणजे मोकळ्या पिनेला ५ व्होल्टशी बांधून ठेवणारा रेझिस्टर, चालू केला की हे थांबते. मग दुसरी अडचण : बटण एकदा दाबले तरी मोजणी तीन-चारने वाढते. आतले धातूचे पाते टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि एका मिलिसेकंदात १६,००० ठोके मोजणारी चिप ती प्रत्येक थरथर टिपते. ही चूक दिसते प्रोग्रॅममध्ये, असते धातूत.

उलटही घडते. एक मिनिट थांबण्यासाठी ‘डिले’मध्ये ६० × १००० लिहिले की दिवा कायमचा अडकल्यासारखा वाटतो आणि शिकणारा तारा तपासत बसतो. उनोवर साधी पूर्णांक संख्या ३२,७६७ च्या पुढे जात नाही, त्यामुळे गुणाकार उणे ५,५३६ होतो. ‘डिले’ तिला प्रचंड मोठी धन संख्या समजते आणि जवळपास ४९.७ दिवस थांबते. आकड्याला ‘यूएल’ ही अक्षरे जोडली की दोष जातो. तार की ओळ, संशय कुठे घ्यायचा हे कळणे हीच या शिक्षणाची कमाई आहे. दोन्ही विषय वेगवेगळ्या तासांना शिकवले की ती हाती येत नाही.

करत करत शिकण्याचा हा विचार महाराष्ट्रात आर्डुइनोच्या आधीपासून रुजलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकचलित यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा) २००२ मध्ये तिथेच उभी राहिली.

प्रयोगांकडे परत येऊ. एलईडी-बटणानंतर मोटर येते, ती मात्र थेट पिनेला जोडू नये. पिनेतून सुमारे २० मिलिअँपियरच घ्यावेत, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवा आणि मोटर बंद होताना उसळणारा उलटा दाब जिरवायला डायोड हवा. तयार लायब्रऱ्या काम सोपे करतात, पण चिपही झाकतात. बटण-दिवा जमू लागला की पिन चालू-बंद करणारी ‘डिजिटलराइट’ ही तयार आज्ञा सोडून रजिस्टरला, म्हणजे पिनांची स्थिती ठरवणाऱ्या चिपमधल्या कप्प्याला, हात घालावा. १३ क्रमांकाची पिन म्हणजे ‘बी’ पोर्टचा (पिनांच्या गटाचा) ५ क्रमांकाचा बिट. तो थेट बदलायला चिपला दोनच ठोके, म्हणजे ०.१२५ मायक्रोसेकंद पुरतात.