वाऱ्यावर चालणारे पाय

हॉलंडची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे. तिथे किनाऱ्यावरची वाळूची टेकाडे हीच समुद्राला अडवणारी भिंत. ही भिंत वाऱ्याच्याच बळावर उंच ठेवता येईल का? १९९० साली थिओ यान्सन यांनी ‘द फोक्सक्रांट’ या वृत्तपत्रातील आपल्या सदरात एक कल्पना मांडली. किनाऱ्यावर फिरणारे सांगाडे वाळू उकरतील आणि मोकळी झालेली वाळू वारा टेकाडांवर नेऊन टाकील!

यान्सन (जन्म १९४८) डेल्फ्ट येथे पदार्थविज्ञान शिकले, पण पदवी न घेताच चित्रकलेकडे वळले. सांगाड्यांसाठी त्यांनी विजेच्या तारा ज्यांतून नेतात, त्या पीव्हीसीच्या स्वस्त नळ्या घेतल्या. पहिला ‘प्राणी’ चिकटपट्टीने जोडला होता. तो उभाच राहू शकेना. उताणा पडून पाय तेवढे हलवी.

खरी अडचण पुढेच होती. चाक मऊ वाळूत रुतते. पाय मधली वाळू ओलांडून पुढे पडतो. पण वाऱ्याने फिरणाऱ्या भुजेची गती वर्तुळाकार असते. चालताना मात्र पाऊल जमिनीवर असेपर्यंत सरळ रेषेत सरकले पाहिजे, नाहीतर शरीर खालीवर हिंदकळते. त्यासाठी दांड्यांच्या लांब्या किती असाव्यात? शक्यता अगणित होत्या.

यान्सन यांनी संगणकाला १५०० काल्पनिक पाय तयार करायला लावले. त्यांपैकी चांगले १०० निवडले, त्यांच्या मापांच्या मिश्रणातून पुढची पिढी घडवली आणि हाच क्रम कित्येक महिने चालवला. अखेरीस अकरा दांड्यांची मापे हाती आली. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण उपयोगी आहे. मात्र एक फरक विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. निसर्गात ध्येय आधी ठरलेले नसते. येथे पावलाचा आदर्श मार्ग यान्सन यांनीच ठरवला होता.

पुढे या प्राण्यांना पंख आले. पंखांच्या हालचालीने प्लास्टिकच्या बाटल्यांत हवा दाबून भरली जाते व वारा पडल्यावर तीच हवा पाय हलवते.

टेकाडे मात्र या प्राण्यांनी उभारली नाहीत. त्याच १९९० साली डच सरकारने किनारारेषा राखण्याचे धोरण स्वीकारले. ते काम समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकून केले जाते. पायाची मापे मात्र यान्सन यांनी सर्वांसाठी खुली केली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन आपल्या वर्गातही असा पाय करता येईल. पावलाच्या जागी पेन्सिल बांधा, भुजा फिरवा आणि कागदावर उमटलेली आकृती विद्यार्थ्यांना पाहू द्या. मग एकच पट्टी थोडी आखूड करून पुन्हा भुजा फिरवा.